एका दरवाज्यावरची दोन नावं

मी दरवाजा बोलतोय. विद्यापीठाच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या अडगळीत मला उभं केलंय, तेही तोंड भिंतीकडे करून. माझ्या अंगावर जे कोरलंय, ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "हा काही कुरकुर करणार नाही." स्वभावाने मी गरीबच. विद्यापीठात जागेची बोंब, म्हणून एका खोलीत दोन प्राध्यापक बसवले आणि माझ्यावर दोन पाट्या लागल्या. बाई ज्यू होत्या. ज्यूंबद्दलचा द्वेष कुठून येतो, कसा पसरतो, हा त्यांचा अभ्यास. सर मुसलमान, आणि मुसलमानांबद्दलचा द्वेष हा त्यांचा विषय. कारकून म्हणायचा, "जगातली सगळी भांडणं एका खोलीत कोंबलीत. बाहेरून कडी लावून घ्या!"

भांडायचेही दोघं. पण चहाची किटली एकच, त्यामुळे अबोला फार टिकत नसे. एकदा बाई म्हणाल्या, "आमच्याबद्दल म्हणतात, मूठभर आहेत, पण सगळं जग गुपचूप चालवतात. तुमच्याबद्दल म्हणतात, झुंडीने येतील आणि सगळं गिळून टाकतील."

सर म्हणाले, "आणि आपल्या दोघांच्याने हा एक पंखा दुरुस्त करून घेणं होत नाही."

दोघंही हसले, आणि त्या हसण्यातूनच खालच्या सभागृहातल्या बैठका सुरू झाल्या. गावातल्या कुणीही यावं, आपल्यावर काय गुदरलं ते सांगावं, दुसऱ्याचं ऐकावं. आधी चारदोन माणसं यायची. पुढे खुर्च्या कमी पडू लागल्या.

मग ती बसमधली गोष्ट घडली. सरांची पुतणी नर्सिंग शिकत होती. भर बसमध्ये दोघांनी तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढला, तिला खाली पाडलं, नको ते बोलले. कुणी जागचं हललं नाही. ते दोघं पुढच्या थांब्यावर उतरून गेले, ते गेलेच. पोलिसांना काही सापडलं नाही.

नंतरच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मुलीचा भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. याच विद्यापीठात शिकत होता, काकांना भेटायला नेहमी यायचा. त्याने चाकू काढला आणि बाईंच्या पाटीखाली कोरलं, 'ज्यू, चालती हो.' मला सगळं दिसत होतं, पण दरवाज्याला कोण विचारणार?

सकाळी बाई आल्या. अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. कुलसचिव धावत आले. "तासाभरात खाचांत लांबी भरून वर रंग मारून देतो, बाई. उगाच बोभाटा नको."

"रंग नको," बाई म्हणाल्या. "बिजागऱ्या काढा. याला खाली सभागृहात न्या."

संध्याकाळी मी दोन बाकांवर आडवा होतो आणि लोक माझ्याभोवती बसले होते. एका चपलांच्या दुकानदाराने सांगितलं, ज्यू म्हणून त्याच्या दुकानाची काच तिसऱ्यांदा फुटली होती. मग पुतणी उठली. बसमधलं तिने सगळं सांगितलं. "दुखलं ते पडल्याचं नाही. सगळे खिडकीबाहेर बघत होते, ते," ती म्हणाली. बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

तेव्हा मागून तिचा भाऊ उठला. "हे मी कोरलंय."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी त्या बसमध्ये होते का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग माझ्यावर का?"

मुलगा म्हणाला, "त्यांची नावं माहीत नव्हती. तुमचं नाव दारावर होतं."

बाई म्हणाल्या, "राग सापडेल त्या नावावर निघतो, वीस वर्षं मी हेच शिकवतेय. पण समोर उभं राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माफ केलं असं नाही म्हणणार मी. शिक्षा तुला व्हायलाच हवी. पण तू शिकणं सोडू नकोस आणि पुढच्या बैठकीला ये."

पुढची बैठक झालीच नाही. वर्तमानपत्रांनी मुलाची कबुली ठळक छापली, त्याच्या बहिणीची बस गाळली. बाई मिनतवाऱ्या करत राहिल्या, तरी मुलाला विद्यापीठातून काढून टाकलं. सरांच्या घरावर दगड आले. बाईंना फोनवरून धमक्या आल्या. त्यांच्या नवऱ्याने सामान बांधलं आणि दोघं गाव सोडून गेली. विद्यापीठाने शांततेसाठी म्हणून बैठका बंद केल्या आणि मला या जिन्याखाली आणून टाकलं.

परवा सर इथे आले. मला भिंतीपासून वळवून त्यांनी बाईंना फोन लावला. जागा अडचणीची, पलीकडचा आवाजही मला ऐकू आला.

"पोरगा कसा आहे?"

"गोदामात कामाला जातो. घरात कुणाशी बोलत नाही."

"आणि पोरगी?"

"चालत जाते. बसमध्ये नाही चढत."

"हं."

"बाई, परत या."

"भीती वाटते, सर. खरं सांगते, आता तुमच्या घरातल्यांचीही वाटते."

सर म्हणाले, "वाटणारच." फोन खिशात टाकून ते मला पुन्हा भिंतीकडे वळवून निघून गेले.

वाचकहो, माझं काय, मला रंगवा नाहीतर फोडून टाका. पण या दोघांना पुन्हा एक खोली द्या. दरवाजा नसला तरी चालेल.