दोन डाव्या बाह्या

आत्यानं एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हा भाचीनं त्या पुन्हा पुन्हा उलटून पाहिल्या.

दोघींचं शिवणकामाचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. आत्या सत्तरी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, नाकावर माशी बसू न देणारी. कापड बेतायचं आणि कापायचं तिनं, मशीन चालवायचं भाचीनं. गिऱ्हाइकं तिला एकदाच मापं द्यायची, पुढं नुसतं कापड आणून टाकायची. कुणाचा कुठला खांदा उतरता, लग्नानंतर कुणाचं पोट किती सुटलं, सगळं तिला तोंडपाठ.

"दुसऱ्या बाहीला मापाचा कागद उलटून ठेवायचा राहिला," आत्या म्हणाली. आवाज मात्र पडला होता.

ते एकच असतं तर भाचीनं सोडून दिलं असतं. पण कापायच्या टेबलाशी उभं राहून कुणाशी बोलता बोलता आत्या मापाचे आकडे विसरायला लागली होती. जिना चढताना काही विचारलं की मधल्याच पायरीवर थांबायची, कठडा घट्ट धरायची आणि भलतंच उत्तर द्यायची. रस्त्यानं चालताना तर तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि एरवी तिच्या तोंडाचा पट्टा कुणाला आवरत नसे.

"आता आत्यांना आराम द्यायला हवा," भाचीचा नवरा एकदा जेवताना हळूच म्हणाला. "आमच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं."

आत्यानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं कात्री खणात ठेवली आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बटणं लावायला बसली. कुणाशी भांडली नाही, हेच भाचीला जास्त लागलं.

पण तिथंच भाचीच्या लक्षात एक गोष्ट आली. मशीनवरून तिनं सहज विचारलं, "आत्या, त्या दात काढणाऱ्या डॉक्टरांची छाती किती गं?" आत्यानं मान वर न करता आकडा सांगितला. वर त्यांच्या भावाचा सांगितला, त्या भावाचं सासऱ्यांशी का फाटलं तेही सांगितलं. भाचीनं दिवसभर काही ना काही विचारून पाहिलं. बसलेली आत्या एकदाही चुकली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना, उभ्या उभ्या, तिला कुलूप कुठं ठेवलं ते आठवेना.

भाची तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आत्यानं सगळं फटाफट सांगितलं.

"स्मरणशक्ती तर छान आहे," डॉक्टर म्हणाले.

"हिला उभं करून विचारा," भाची म्हणाली.

डॉक्टर हसले, पण त्यांनी विचारलं. पाय जुळवून, डोळे मिटून आत्या वजाबाकी करायला लागली आणि दुसऱ्याच आकड्याला अशी कलंडली की डॉक्टरांनी तिला दंडाला धरून सावरलं. आता ते हसत नव्हते.

"कधी मोठी चक्कर आली होती का?"

आली होती. गेल्या हिवाळ्यात सकाळी उठताना अख्खी खोली गरगरली होती, उलट्या झाल्या होत्या. पित्त समजून आत्यानं ते कानामागं टाकलं होतं.

आणि दुखणं निघालं कानातच. डॉक्टरांनी ज्यांच्याकडे धाडलं त्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला, कानात गार-गरम पाणी सोडलं आणि तपासण्या झाल्यावर समजावून सांगितलं. "कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. तुमच्या डाव्या कानातला तो अशक्त झालाय. इतरांना उभं राहायला विचार करावा लागत नाही. तुमचा मेंदू मात्र सारखा त्याच कामात गुंतलेला. मग बोलायला, आठवायला तो पुरत नाही."

"म्हणजे मला वेड लागत नाहीये?"

"मला तरी तसं वाटत नाही. विसरण्यावर लक्ष ठेवू, पण आधी तोल सुधारू."

बाहेर आल्यावर आत्या बाकावर बसली आणि पदराआड थोडंसं रडली. मग म्हणाली, "चल, भूक लागलीय."

व्यायाम मात्र तिला मुळीच आवडले नाहीत. भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर ठेवून मान हलवायची, मऊ गादीवर उभं राहायचं. सुरुवातीला मळमळायचं आणि शिव्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला बसायच्या. त्या मुलीनं पुढं सांगितलं, "चालता चालता वार उलटे म्हणायचे."

"रस्त्यानं उलटे वार म्हणत फिरले, तर लोक मला खरंच वेडी ठरवतील!"

शेवटी तोड भाचीनं काढली. "वार राहू देत. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघ आणि काय चुकलंय ते सांग."

मग काय विचारता! भाचीच्या हाताला धरून आत्या रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागली. आधी एखाद-दुसरा शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा चालायची. हळूहळू वाक्यं यायला लागली. "तिच्या झग्याचा घेर बघ, पडदा उरला होता वाटतं." "हा माणूस पँट घालून आलाय की पँट याला घेऊन आलीय?" महिने गेले तशी मानही दोन्हीकडे वळायला लागली, आणि भाचीचा हात तिनं फक्त रस्ता ओलांडण्यापुरता ठेवला.

एकदा पुढं चाललेल्या गृहस्थांकडे बघून ती जरा मोठ्यांदाच म्हणाली, "एवढं महागाचं कापड, आणि कॉलरखाली उंटाची मदार!"

गृहस्थ थांबले. वळले. भाचीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"मलाही तिथं काहीतरी बोचतं," ते म्हणाले. "पण शिवणारा म्हणतो, माझीच पाठ वाकडी आहे."

"पाठ सरळ आहे तुमची. त्याची कात्री वाकडी आहे," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते कापड घेऊन दुकानात आले. भाचीच्या नवऱ्यानं टेबलाशी एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं, कुणी न सांगता. त्यावर बसून, एक पाय जमिनीला टेकवून, आत्यानं त्या गृहस्थांचा कोट बेतला आणि कापला, तोही त्यांच्याशी गप्पा मारत. कोट असा बसला की त्यांनी आरशासमोरून हलायचं नावच घेतलं नाही.

अंधारात आत्याला अजून कुणाच्या तरी हाताचा आधार लागतो, आणि जिन्यात तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियमच आहे. संध्याकाळचं फिरणं मात्र चुकत नाही. हल्ली तिला समोरून येताना पाहिलं की ओळखीची माणसं लांबूनच शर्ट खोचून घेतात.