योगिताच्या हातातला कलमचाकू

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतो. माझे पाते झिजून झिजून करंगळीएवढे अरुंद झाले आहे, मुठीवर चिकूच्या चिकाचे काळे थर बसले आहेत आणि टोक तर कधीच मोडले. पण डहाणूपासून बोर्डीपर्यंतच्या कितीतरी वाड्यांत जी चिकूची झाडे उभी आहेत, त्यांच्यावरचा पहिला घाव माझा आहे. मी कलमे बांधणाऱ्याचा चाकू. माझी गोष्ट सांगायची तर दोन माणसांची सांगावी लागेल, कारण चाकूला वेगळे आयुष्य नसते. ज्याच्या हातात तो असतो, त्याच्याच आयुष्यातले थोडेसे त्याच्या वाट्याला येते.

माझा जन्म तलासरीला झाला. हायवेच्या कडेला एका लोहाराचे दुकान होते. भंगारात निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगची पाटी तोडून त्याने मला घडवले. मला करायला सांगितले होते कलमे बांधणाऱ्या भिकाबाबांनी. "एकाच बाजूने धार काढ," ते म्हणाले होते, "दुसरी बाजू एकदम सपाट पाहिजे." लोहाराने सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी धार काढली. बाबांनी मला उलटेसुलटे करून पाहिले आणि परत केले. सपाट बाजूला अजून उंचवटा आहे म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा परत केले. लोहार वैतागला.

"अरे बाबा, कापायला तर पाहिजे ना?"

"भाजी कापायला नाय पाहिजे," बाबा शांतपणे म्हणाले. "भाजी शिजली का संपली. ह्याचा जोड माझ्यामागं पन्नास वर्षं उभा राहायचा हाय."

तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याने एक काडी तासली, तासलेल्या जागी अंगठा फिरवला आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकले. दोनदा नाकारला गेल्यावर ज्या खिशात जागा मिळाली, तो खिसा मी कधी विसरलो नाही.

बाबा अमृतभाईंच्या चिकूवाडीत कामाला होते. वाडीला लागूनच रोपवाटिका होती. कलम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. खिरणीचे रोप चिवट असते. आमच्याकडे तिला रायणही म्हणतात. तिची मुळे कसलीही जमीन धरतात. पण फळ हवे असते चिकूचे. म्हणून खिरणीच्या रोपाची साल एका बाजूने तासायची, चिकूच्या झाडावरच्या कोवळ्या फांदीचीही तशीच तासायची, ओल्याला ओले टेकवायचे आणि पट्टीने आवळून बांधायचे. मग दोन-अडीच महिने थांबायचे. तासणे एका झटक्यात व्हावे लागते. दोनदा चाकू फिरला तर खळगा पडतो, खळग्यात हवा राहते आणि कलम वाळते. बाबांना दोनदा फिरवावे लागल्याचे मला आठवत नाही.

काय दिवस होते ते! लांबलांबची गिऱ्हाईके यायची आणि "भिकाने बांधलेली द्या" म्हणून अडून बसायची. संध्याकाळी बाबा खोबरेल तेलाच्या फडक्याने माझ्यावरचा चीक पुसायचे, इतके सावकाश, जणू लहान मुलाचे तोंड पुसत आहेत.

मग एका सकाळी साल तासताना त्यांचा हात थरथरला. धार गेली असेल असे समजून त्यांनी मला दगडावर घासले. दुसऱ्या दिवशीही हात थरथरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखे पुसले, शेडमधल्या खिळ्याला अडकवले आणि रोपांना पाणी घालायचा पाइप हातात घेतला. अमृतभाईंनी कलमे बांधायला बाहेरून माणूस आणला. त्याचा चाकू त्याच्याकडे होता.

चार वर्षे मी त्या खिळ्यावर लटकलो. समोर वाडी दिसायची, बाबा पाणी घालताना दिसायचे. ते शेडमध्ये आले की मला वाटे, आज हात वर येईल. पण ते माझ्याकडे बघतच नसत. मला राग यायचा. पुष्कळ उशिरा कळले, की त्यांना बघवत नव्हते.

अशातच जवळच्या गंजाड गावची योगिता पिशव्यांत माती भरायच्या कामाला आली.

पोर बी.ए. झालेली. तिला वनरक्षक व्हायचे होते. लहानपणी पाड्यावर वणवा आला, तेव्हा खाकी कपड्यातल्या एका बाईने हातात ओली फांदी घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन तो विझवला होता. तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढे ती बाईच होती. पहाटे उठून ती गंजाडच्या रस्त्यावर धावायची आणि मग कामावर यायची. एका भरतीत तिचे नाव आले नव्हते, दुसरीचा निकाल यायचा होता. तो आला भर दुपारी, ती माती भरत असताना. मातीच्या हातांनीच तिने मोबाइल उघडला. यादी खालपर्यंत गेली, मग पुन्हा वरून खाली.

पाइप बंद करून बाबा जवळ आले. "नाव नाय?"

"नाय."

"परत बघ."

"तीनदा बघलं, बाबा. दोन मार्कांनी राहिलं." ती उठून उभी राहिली. "आता हातात कायतरी द्या. नायतर मी ह्या पिशव्या फाडीन."

बाबांनी वर हात केला आणि मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, चार वर्षांनी! "ह्याचा गंज काढ," एवढेच ते म्हणाले.

सगळी दुपार ती मला दगडावर घासत होती. दात आवळलेले, डोळ्यांतले पाणी दगडावर पडत होते. तिचा सगळा राग माझ्या अंगावर निघाला आणि मी चकचकीत झालो. संध्याकाळी बाबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवून पहिली काडी तासून घेतली. थरथरणारा हात वर आणि रागावलेला हात खाली. काडी चांगली तासली गेली नाही, पण ओल्या सालीचा तो वास मला पुन्हा मिळाला.

पहिल्या मोसमात तिने चाळीस कलमे बांधली. त्यातली सदतीस वाळली. "माझ्या नशिबात सगळीकडे नापासच हाय," ती म्हणाली. बाबांनी वाळलेले एक कलम उचलून पट्टी पाहिली. गाठ दुसऱ्यांदा मारलेली होती.

"तू मधेमधे सोडून बघतेस ना, जुळलं का ते?"

योगिता खाली बघत म्हणाली, "राहवत नाय."

"मग ते जुळणार कधी? बांधलं का हात काढून घ्यायचा."

पुढच्या मोसमात ती शिकली. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. तिसरी भरती आली तेव्हा ती मला तेल लावून, फडक्यात गुंडाळून बाबांकडे देऊन गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मी मनात मागितले, की तिचे नाव येऊ नये. ती गेली तर मी पुन्हा खिळ्यावर जाणार होतो. आणि नाव आले नाही. या वेळी तर एकाच मार्काने.

योगिता आठ दिवस वाडीत आलीच नाही. नवव्या दिवशी तिची आई जमना आली आणि बाबांपुढे उकिडवी बसली.

"पोर जेवत नाय, भिकादादा. भिंतीकडे तोंड करून पडते. काल धावायचे बूट चुलीत घालत होती, मी हातातून ओढले. तिचा बापूस म्हणतो लगीन लावून टाकू. तुम्ही तरी समजवा."

बाबांनी मला खिशात टाकले आणि तसेच जमनाबरोबर टेम्पोत बसले. गंजाडला योगिता ओट्यावर बसली होती. गालफडे आत गेलेली, केस विंचरलेले नाहीत. मी जे मागितले होते ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. चाकूला लाज वाटते का, असे कोणी विचारले तर मी हो म्हणेन.

बाबांनी समजूत वगैरे काही घातली नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दोनशे रोपं बांधायची राहून फांद्यांना टेकून उभी हाएत. बाहेरचा माणूस ह्या साली आला नाय. मोसम आठ-दहा दिवस राहिला."

"तुम्हाला गरज हाय म्हणून मी यायचं?"

"मग काय दया आली म्हणून बोलवू? दयेनं मला काय, तुला पण बरं वाटायचं नाय."

योगिताने त्यांच्या हातातला रिकामा तांब्या घेतला. मग म्हणाली, "बाबा, मला फक्त एवढं कळायला पाहिजे होतं का माझ्यात काय कमी हाय. यादी सांगत नाय. नाव नसतं, बस."

"यादी नाय सांगणार," बाबा म्हणाले. "मला पण ठाऊक नाय. पण तुझी सदतीस कलमं का वाळली ते मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं."

ती उठली, आत जाऊन केस बांधून आली.

त्या मोसमात दोनशेपैकी एकशे साठ कलमे जगली. योगिता अमृतभाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि कलमांचे काम कायमचे मागितले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पण ते हसले. "बेन, गिऱ्हाईक विचारणार कलम कोणी बांधलं. मी काय सांगू, माती भरणारी मुलगी?"

पूर्वीची योगिता घरी जाऊन पडली असती. या योगिताने विचारले, "माझं काम खराब हाय, का नाव लहान हाय?"

अमृतभाई गडबडले. "काम चांगलंय. नावच…"

"मग फांद्या छाटाल तेव्हा मला घरी कलमं बांधायला कोवळ्या काड्या द्या. नाव मी करते."

त्यांनी काड्या दिल्या. बाबांनी मला दिले. "माझ्याकडं राहून हा गंजणार," ते म्हणाले आणि पटकन पाठ फिरवली.

अंगणात तिने खिरणीच्या बिया लावल्या. खिरणी फार हळू वाढते. दोन वर्षे ती सकाळी वाडीत माती भरायची आणि संध्याकाळी स्वतःच्या रोपांपाशी बसायची. मग एका बाजाराच्या दिवशी तीस कलमे घेऊन तलासरीच्या बाजारात बसली आणि तीसच्या तीस परत घेऊन आली. पण येताना तिने प्रत्येकाला विचारले होते, "का नको?" एकाने पिशवी लहान आहे म्हणून सांगितले, एकाने शेंडे पिवळे आहेत म्हणून. झाईहून आलेल्या एका म्हाताऱ्याने जोडाला बोट लावून दाखवले, "इथं फट आहे बघ." घरी येऊन तिने पिशव्या बदलल्या, खत बदलले आणि मला नव्याने धार लावली. पुढच्या बाजारात चार कलमे गेली. त्यातली दोन त्याच म्हाताऱ्याने नेली.

आज गंजाडला योगिताची रोपवाटिका आहे. पाड्यावरच्या आठ बाया तिथे कलमे बांधतात. जमना त्यांच्यावर मुकादमासारखी फिरते. अमृतभाईंच्या वाडीत मेलेल्या झाडांच्या जागी आता इथलीच कलमे जातात, आणि ते स्वतः गाडी घेऊन येतात. योगिता सुखी आहे का? मला वाटते, आहे. हिरव्या पानांत उभी असते तेव्हा गुणगुणते. पण रस्त्यावरून खाकी कपड्यातली एखादी बाई मोटरसायकलवर गेली, की तिचे हात थांबतात. गाडीचा आवाज पार विरेपर्यंत ती बघत राहते. ती ओढ गेलेली नाही. ती जावी असे आता मला वाटतही नाही.

मागच्या महिन्यात भिकाबाबा आले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. योगिताने त्यांच्या हातात एक कलम दिले. त्यांनी थरथरता अंगठा खालून वर फिरवला, मग वरून खाली.

"जोड कुठं हाय गं?" त्यांनी विचारले.

योगिताने पदराने डोळे पुसले, आणि बाबा मात्र अजून जोड शोधत होते.

मी आता एका पत्र्याच्या डब्यात असतो. पाते इतके पातळ झाले आहे, की जोर दिला तर मोडेल. बाया नवे चाकू वापरतात, त्यांची पाती बदलता येतात. माझी तक्रार नाही. फक्त दोन शब्द सांगावेसे वाटतात. मित्रांनो, काम झाले की चाकूवरचा चीक त्याच दिवशी पुसा, दुसऱ्या दिवशी तो निघत नाही. आणि कधी कोणाला नाही म्हणायची वेळ तुमच्यावर आली, तर का नाही ते सांगा. मला दोनदा परत करणाऱ्या माणसाने ते सांगितले होते, म्हणून मी चाकू झालो.

आत्ताच डब्याचे झाकण उघडले होते. उजेड आला, ओल्या सालीचा वास आला, आणि योगिताचा हात आत आला. माझ्या अगदी अंगावरून गेला. तिला पट्टीचे रीळ हवे होते.