परतीची हाळी

पोलीस शिपाई रूपालीने शेवटची खुर्ची मांडली, रुमालाने पुसली आणि वळून पाहिलं, तर उंबरवाडीत कोंबड्यांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

चुलींवर भात रटरटत होता. दोरीवरच्या लुगड्यांतून पाणी गळत होतं. म्हणजे माणसं आत्ता आत्तापर्यंत इथंच होती. मंडपावर ‘पोलीस आपल्या वाडीत’ असा फलक मोठ्या ऐटीत फडफडत होता आणि एक खरजुलं कुत्रं तेवढं त्याच्याकडे बघत होतं.

फौजदार देवरेसाहेब फोन संपवून जीपमधून उतरले. खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली.

“काय मॅडम, साठ माणसं म्हणाला होतात.”

“हायेत साहेब,” गडबडीत तिच्या तोंडी घरचीच बोली आली. “वर हायेत.”

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं.

“तसं वर नाय, साहेब. डोंगरात.”

येताना ओढ्यापाशी जीप वळली, तेव्हाच तिने ऐकलं होतं. एक लांब, उतरत गेलेला हूऽऽ. ड्रायव्हर विठूला वाटलं, पाखरू. रूपालीचे पाय मात्र जीपमध्ये बसल्या बसल्याच पळायला निघाले होते. दोन डोंगर पलीकडे तिची वाडी. आठ वर्षांची असताना हीच हाळी ती कातळावरून द्यायची. खाकी दिसली की हूऽऽ, आणि मोठी माणसं कारवीच्या झुडपांत गडप. लाकडासाठी येणारे जंगलवाले आणि दारूसाठी येणारे पोलीस यांत वाडीने कधी फरक केला नाही. खाकी ती खाकी.

गेल्या साली शेजारच्या वाडीतलं एक जोडपं वीटभट्टीवर चार महिने डांबून ठेवलेलं होतं. वाडीला माहीत होतं. ठाण्यात सांगायला कुणी आलं नाही. तेव्हापासून रूपाली साहेबांच्या मागे लागली होती, एकदा वाडीत चला, पोलिसांना बोलवायचा एकशेबारा नंबर समजावून देऊ. दोन महिन्यांनी साहेब हो म्हणाले होते. आज खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडणार होता आणि पुन्हा कुणी इकडे फिरकणार नव्हतं.

“आलेच,” म्हणून ती निघाली.

वाडीच्या माथ्यावर कातळ होता. असा कातळ प्रत्येक वाडीला असतोच. तिने टोपी काढून काखेत धरली. वीस वर्षं झाली होती, गळ्याला आठवेल की नाही कोण जाणे. तिने तोंडाभोवती हात धरले आणि दोन तुटक, मग एक चढती हाळी दिली.

हू. हू. हूऽऽऽ.

खाकी गेली, घरी या.

डोंगर गप्प राहिला. मग कारवी हलली. एक डोकं, दोन डोकी, कडेवरची पोरं, काठ्या टेकत म्हातारे. सगळ्यांत पुढे जना म्हातारी. ती कातळाखाली आली, वर पाहिलं आणि तिथंच थबकली.

“अगं बया! खाकीच हाळी देती!”

“आजी, पळू नका. मी धोंडीची पोर. पल्याडच्या वाडीतली.”

“धोंडीची? आन् खोटी हाळी देतेस? खाकी गेली म्हून सांगतेस, आन् खाकीच्या आत उभी कोण हाय?”

पहिली हसली ती जनाच. मग सगळा उतार हसत खाली आला.

पुढचा तासभर खुर्च्या पुरल्या नाहीत. सरावासाठी जनाने फोन हातात घेतला आणि जीपमागे रूपाली पलीकडची बाई होऊन बसली.

“एकशेबारा. बोला.”

“माझ्या सुनेला भट्टीवाल्यानं कोंडलीयाऽऽ!” जना पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली.

“आजी, हळू. कुठून बोलता?”

“तुला दिसत नाय व्हय गं? वाकड्या उंबरापासून वर!”

पोरांनी सायरन वाजवला, बाया तोंडाला पदर लावून लोळल्या. जनाने मात्र कोळसा घेतला आणि आपल्या कुडाच्या भिंतीवर तीन आकडे ओढले. एक, एक, दोन. “मला वाचाया येत नाय,” ती म्हणाली, “पन एवढं चितारता येतं.”

देवरेसाहेब इतके खूश झाले, की दुसरा चहाही घेतला.

“मॅडम, ती तुमची हाक! फोनवर घेऊन ठेवू. प्रत्येक वाडीत शिरताना जीपच्या भोंग्यावर लावायची. गाडी पोचायच्या आत माणसं हजर!” त्यांनी फोन पुढे धरला. “हं, द्या.”

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. जना चहा ओतत होती, तिचा हात थांबला. तिने साहेबांकडे पाहिलंच नाही. रूपालीकडे पाहिलं.

रूपालीने टोपी नीट बसवली. खाकरली.

“घसा बसला, साहेब.”

“आत्ता तर चांगला होता.”

“डोंगरावर चढल्याशिवाय निघत नाय तो आवाज. आन् जीप काय डोंगरावर चढत नाय.”

“बरं, पुढच्या खेपेला,” म्हणत साहेबांनी फोन खिशात टाकला. जनाने रूपालीच्या कपात आणखी चहा ओतला, पार काठापर्यंत.

परतताना जीप ओढ्यात उतरली, तेव्हा मागून, कातळाकडून आवाज आला. तीन तुकडे, मधला खोल, शेवटचा मध्येच मोडलेला. लगेच वरून कुणीतरी तोच पुन्हा दिला, जरा चुकत, शिकल्यासारखा.

“हे कुठलं हो पाखरू, मॅडम?” विठूने विचारलं.

रूपालीने कान देऊन ऐकलं. ना पळायची हाळी, ना परतीची. मग खिडकीबाहेर तोंड वळवून हसली.

“ठाऊक नाय,” ती म्हणाली, आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं.