बंदूक गावची, मान काळुरामची

डोंबिवलीपुढच्या खाडीकाठच्या त्या गावात बंदूक एकच, आणि ती साऱ्या गावाची. भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात घुसत. मग ती ठासणीची बंदूक आज या घरी, उद्या त्या घरी फिरे. पण इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला आणि सरकारनं विचारलं, बंदूक कुणाची? 'गावाची' हे उत्तर सरकारला चालत नाही. त्याला एक माणूस लागतो, ज्याची मान धरता येईल.

गावानं काळुरामचं नाव पुढं केलं. देवीच्या साथीत त्याचा उजवा डोळा गेलेला. "या कान्यावर कोन संशय घेल?" म्हणून चावडीवर सगळे हसले, काळुरामही हसला. कल्याणच्या कचेरीत नळीवर आकडा ठोकला, परवाना काळुरामच्या नावानं निघाला, आणि बंदूक पहिल्यासारखीच घरोघर फिरत राहिली.

भाद्रपदात ताडांच्या वाडीत आबकारीचा शिपाई मेलेला सापडला. छाती छऱ्यांनी फाटलेली. बंदूक खाडीलगतच्या खाजणाच्या चिखलात मिळाली. वरचा आकडा वाचला आणि काळुरामला दोरी लावून कल्याणला नेलं.

त्याची बायको तुळसा तडक गोपीनाथ पाटलाच्या ओटीवर गेली. शिपाई मेला त्या दिवशी बंदूक पाटलाच्या घरी होती, हे गावातलं पोरसोर जाणत होतं. पाटलाचा मुलगा रघु चोरून ताडी काढी आणि शिपाई त्याच्या मागावर होता, हेही.

"पाटील, रघुला पुढं करा."

"येडी का खुळी तू? मी वकील देतो. तुझी भातकापनी गाव करील. आनि कान्या मानसाला साहेब आपनच सोडील."

"नाय सोडला तर?"

पाटलानं पान तोंडात कोंबलं. उठून तो आत गेला.

शेजारच्या हौसाबाईनं दार अर्धंच उघडलं. "बंदूक पाटलाकडं जाताना मी बगली होती गं. पन आमच्या पोरांना याच गावान ऱ्हायचंय."

हेच ते गाव, जे बंदूक वाटून घेत होतं. फास वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुळसा पायी कल्याणला गेली. पाटील आधीच येऊन फौजदारासमोर बसला होता. बंदूक सदा काळुरामच्याच घरी असते, असा जबाब त्यानं देऊन टाकला होता. कोपऱ्यात काळुराम बेड्यांत बसलेला.

"साहेब, याला उजव्या डोल्यानं दिसत नाय. तो काय नेम धरनार?"

फौजदार हसला. "बाई, नेम धरताना प्रत्येकजण एक डोळा मिटतोच. तुझ्या नवऱ्याला तेवढेही श्रम नाहीत."

कारकून खिदळले. गावाची सगळी हुशारी तेवढ्या एका थट्टेत वाहून गेली.

"खटला ठाण्याच्या कोर्टात चालेल," फौजदार म्हणाला. "फाशीच होईल. आकडा खोटं बोलत नाही."

"त्या दिशी बंदूक आमचे घरान नव्हती."

"तुळसे, गप ऱ्हा," काळुराम कोपऱ्यातून पुटपुटला. "गाव वाळीत टाकील."

तुळसानं त्याच्याकडं पाहिलं. मेलेल्या माणसाला गाव कुठल्या वाळीत टाकतं, हे तिला विचारायचं होतं. ती फौजदाराकडं वळली.

"हा तापानं पडलेला. गवताच्या भाऱ्यान घालून मी नेली बंदूक. या पाटलाचे ओटीवर, रघुच्या हातान दिली. नली भाऱ्याभायेर दिसत होती, ती रस्त्यानं हौसाबाईनं बगली. तिला आना हितं, शपथ घाला."

"परवान्याची बंदूक दुसऱ्याला देणं हासुद्धा गुन्हा आहे, कळतंय ना? नवऱ्याबरोबर तुलाही तुरुंगात बसावं लागेल. दोघांनाही."

"दोगं कशाला? तिसरा लिवा की."

फौजदारानं टाक उचलला आणि पहिल्यांदाच पाटलाकडं नीट पाहिलं.

"पाटील," तो म्हणाला, "तुमचा रघु आत्ता कुठं आहे?"