दुकान वाढवायचं

सकाळी बाबांच्या दुकानातली फळ्यांची मांडणी कुणीतरी सरकवलेली होती आणि त्यामागच्या भिंतीवर खडूने मोठा चौकोन आखला होता. शेजारच्या मार्टचा गवंडी शांतपणे टेप गुंडाळत होता.

"इथून दार निघणार. दोन्ही दुकानं एक," तो म्हणाला. "काकू हो म्हणाल्यात ना."

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मी तशीच शेजारी गेले. काचेचं दार सरकलं आणि कुठूनतरी एक बाई 'आपलं स्वागत आहे' म्हणाली. आता पंचक्रोशीतल्या प्रत्येक गावात याच रंगाची पाटी आहे आणि हीच बाई आहे. बाबांच्या आजारपणात ती रात्रभर भिंतीतून ऐकू यायची.

मॅनेजर बिस्किटांचे पुडे एका रेषेत लावत होता.

"ताई, मी स्वतः विचारलं. परवा संध्याकाळी. म्हटलं, काकू, दुकान वाढवू या का? त्या म्हणाल्या, वाढवा, वेळ झालीच आहे."

"अहो, वाढवणं म्हणजे बंद करणं! दिवेलागणीला दुकानातल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार?"

"वाढवणं म्हणजे बंद? कुठल्या भाषेत?"

"आपण बोलतोय त्याच."

तो हसला. कुत्सित हसला असता तर बरं झालं असतं. "आमचं कधी बंदच होत नाही ना, ताई. दुपारी कागद येतील. नको असेल तर काकूंनी सांगावं. तुम्ही नाही."

'बंद' हा शब्द बाबा दुकानात उच्चारू देत नसत. शटरला हात घालण्याआधी आत डोकावून विचारत, "वाढवू का गं?" आई म्हणे, "वाढवा." जन्मभर हेच.

मी परतले तेव्हा आई काड्यापेट्यांवरची धूळ पुसत होती.

"तो आला की एवढंच सांग, शब्दाचा घोटाळा झाला."

"घोटाळा कसला? मला कळलं होतं तो काय विचारतोय ते."

"आई!"

"अगं, येतं कोण? तिकडे सुटे मिळाले नाहीत की माझ्याकडे येतात. मी काय सुट्या पैशांची पेटी आहे?" तिने फडकं झटकलं. "आणि किती दिवसांनी कुणी विचारलं. तोंडातून तेच आलं."

"मग मी कशासाठी भांडून आले?"

"भांडलीस ते बरं केलंस. ह्यांना आवडलं असतं. तोंड धू आता."

दुपारी तिने सही केली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही त्या माणसाला.

संध्याकाळी शटर ओढायला गेले तर ते अर्ध्यावर अडकलं. मी लोंबकळले, शिव्या घातल्या.

"उजवीकडे लाथ घाल," आई आतून म्हणाली.

घातली. ढिम्म. पलीकडे दार सरकलं, बाईने स्वागत केलं.

"आधी विचारायचं असतं," आई म्हणाली.

मला तो शब्द उच्चारवेना. मी आणखी एक लाथ घातली.