तीन ठोके

"हात लावू नका!" तोकुए ओरडली. पण तोवर कुरामोचीसाहेबांचं बोट विमानाच्या शेपटीखाली टेकलंसुद्धा होतं.

म्हातारा दचकला नाही की ओशाळला नाही. सत्तरी उलटली, नोकरी सुटूनही जमाना झाला, तरी अंगातला साहेब काही उतरला नव्हता. चष्मा कपाळावर चढवून तो आणखी खाली वाकला.

"हा एवढाच पत्रा काळपट का गं, पोरी?"

पोरी! चोपन्न वर्षांच्या बाईला पोरी! तोकुएने पिशवीतून मऊ फडकं काढलं आणि बोटाचा डाग पुसून टाकला. रंग दिलेल्या विमानावर काय हवं ते खपतं. उघड्या धातूवर बोट टेकलं की ठसा उमटतो, आणि वेळीच पुसला नाही तर कायमचा राहतो.

मिनासेच्या विमानदुरुस्ती कारखान्याला चाळीस वर्षं पुरी होत होती. जुन्या खानावळीच्या खोलीत दालन सजवलं होतं, रविवारी समारंभ होता, आणि मधोमध काचेच्या पेटीत ठेवायला तिने केलेलं सत्तावीस नंबरच्या लढाऊ विमानाचं मॉडेल, चांगलं दोन विती लांबीचं, तिच्याकडून मागून आणलं होतं. त्यासाठी कारखान्याचा तरुण अधिकारी ताचिबाना तिच्या घरी दोनदा येऊन कंबर मोडेल इतका वाकून गेला होता. आता तोच कुरामोचींच्या मागे वही धरून उभा होता.

"बाई, तेवढा एक तुकडा बदलता येईल का हो?" तो म्हणाला. "समारंभाच्या फोटोत डाग पडल्यासारखा दिसेल."

"डागच आहे तो," तोकुए म्हणाली.

तेरा वर्षांपूर्वी एका दुकानाच्या काचेत तिने या विमानाच्या मॉडेलचा खोका पाहिला होता. चित्रातलं विमान शेंड्यापासून बुडापर्यंत एकसारखं, नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. 'खोटारडे मेले!' असं ती दुकानातच मोठ्याने म्हणाली आणि रागाच्या भरात तो खोका घेऊन आली. शाळेतल्या मुलांचं जेवण रांधण्यात उमर गेलेली बाई, तिला हत्यारांची काय वानवा! स्वयंपाकाची ॲल्युमिनियमची फॉइल पत्र्यापत्र्याच्या मापाने कापायची, मागून गोंद लावायचा आणि बांबूच्या काडीने घासून बसवायची. एका पत्र्यावर रेघ आडवी घासली तर शेजारच्यावर उभी, म्हणजे उजेड प्रत्येकावर वेगळा पडतो. तापून मळलेले पत्रे दाखवायचे तर फॉइल अंड्यांबरोबर उकळायची. पाच मिनिटांत ती मळकट होते, वीस मिनिटांत राखाडी. पहिली नऊ विमानं तिने कचऱ्यात टाकली. हे दहावं. याच्या शेपटीखालचा तुकडा तिने वीस मिनिटं उकळला होता आणि त्याची रेघ मुद्दाम उलटी ठेवली होती, कारण त्या दिवशी ती उलटीच होती.

त्या दिवशी म्हणजे एकसष्ट सालच्या मे महिन्यात. तेव्हा तोकुए एकवीस वर्षांची आणि अंगाने एवढीशी, म्हणून याच कारखान्यात तिला विमानाच्या शेपटीत सरपटत पाठवायचे. बाहेरून तिच्या जोडीचा कामगार इवाओ हवेच्या बंदुकीने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ठोकायचा, आतून ती लोखंडी ठोकळा लावून धरायची. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून पत्र्यावर ठोके देऊन इशारे व्हायचे. आतून एक ठोका म्हणजे ठीक. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडलं, काढ. दुसऱ्या दिवशी विमानतळावर हवाई जत्रा होती आणि सत्तावीस नंबर उडायलाच हवं होतं. शेपटीखाली बसवायला योग्य पत्रा मिळेना, तेव्हा कुरामोचींनी कुठून तरी एक पातळ, काळपट पत्रा आणला आणि हाच बसवा म्हणून फर्मावून ते इवाओच्या डोक्यावर उभे राहिले.

चौथ्याच रिव्हेटला भोकाच्या कडेने तडा गेला. विजेरीच्या उजेडात तोकुएने तो पाहिला आणि तीन ठोके दिले. बंदूक क्षणभर थांबली. ती ठोक्यांमुळे थांबली की इवाओने नुसता हात बदलला, हे तिला कधीच कळलं नाही, कारण लगेच ती पुन्हा सुरू झाली. तिने आणखी तीन दिले. मग आणखी तीन. बंदूक चालूच राहिली.

जत्रेत तो पत्रा हवेत उचकटला आणि समुद्रात पडला. वैमानिक वाचला, पण त्याचा पाय गेला. चौकशीत कुरामोचींनी सांगितलं की पत्रा अगदी बरोबर होता. इवाओने सांगितलं, "आतून इशारा आला नाही. मी न थांबता ठोकत गेलो." झालं, सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि त्याची नोकरी गेली. तोकुएला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आठवत नाही." खरं बोलली असती तर तिचीही नोकरी गेली असती, आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई होती, दोन लहान बहिणी होत्या. पण त्या दोन शब्दांची चीड तिच्या मनातून आजतागायत गेली नव्हती. तिला कुरामोचींचा राग होता, स्वतःचा राग होता आणि इवाओचाही होता. मेल्याला माझे ठोके कळलेच नाहीत?

कुरामोचींनी ताचिबानाला चहा आणायला पिटाळलं आणि आवाज खाली आणून तोकुएला कारखान्यातल्यासारखी आडनावाने हाक मारली. "हिराता, तेहतीस वर्षं झाली. कशाला उकरून काढतेस? तेव्हा मलाही वरून दम होता."

"मग ते चौकशीत बोलायचं होतंत."

"बरं, राहिलं. पण या तुकड्याने तुला मिळणार काय? रविवारी चारशे माणसं येतील. एकालाही कळायचं नाही."

"तुम्हाला कळलं की! एवढं विमान सोडून दारातून आलात ते थेट शेपटीखाली बोट घातलंत."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "मला याच्या शेजारी उभं राहून भाषण करायचंय," तो एकेक शब्द तोडत म्हणाला. "ते एकसारखं चकचकीत तरी असेल, नाही तर इथे नसेल."

"मग नसेल!"

तोकुएने विमान उचलून आपल्या खोक्यात ठेवलं. चहाचा ट्रे घेऊन आलेला ताचिबाना दारातच खिळला. "अहो बाई! आमंत्रणपत्रिकेवर त्याचा फोटो छापलाय!"

"मग पत्रिकाच ठेवा पेटीत. ती चकचकीत आहे."

बसमध्ये खोका मांडीवर घेऊन ती मनातल्या मनात भांडत राहिली. तिचा थांबा आला आणि गेला. नदीकडच्या शेवटच्या थांब्यावर इवाओचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. या बसने ती शेकडो वेळा त्यावरून गेली होती आणि प्रत्येक वेळी तिने मान दुसरीकडे वळवली होती. आज ती उतरली.

इवाओ चाक फिरवून बघत होता. बंदुकीने त्याचे कान केव्हाच खाल्ले होते, त्यामुळे ती अगदी समोर उभी राहीपर्यंत त्याला पत्ता लागला नाही.

"तोकी?" बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने म्हणाला. "किती म्हातारी झालीस गं!"

"आणि तू काय कोवळा राहिलायस?" तिने बाकावरची हत्यारं बाजूला सारली आणि खोका उघडून विमान बाहेर ठेवलं.

इवाओने विमान पाहिलं. नाक, पंख, काही नाही, तो वाकून सरळ शेपटीखाली पाहू लागला. "रेघ उलटी आहे."

"उलटीच होती."

"हो," तो म्हणाला.

मग तिचा बांध फुटला. "चौकशीत तसं का बोललास? इशारा आला नाही म्हणे! माझे हात सुजले होते रे! तेव्हाच बहिरा झाला होतास की काय?" तिच्या ओरडण्याने शेजारचा टोफूवाला बाहेर येऊन डोकावून गेला.

इवाओने तिचे ओठ नीट वाचले. मग विचारलं, "आई?"

"गेली. बासष्ट सालीच."

"आणि बहिणी? शिकल्या?"

"शिकल्या. मी काय विचारतेय आणि तू काय..."

"शिकल्या ना? मग झालं तर."

त्याने वंगणाने काळं झालेलं बोट पँटला पुसलं आणि शेपटीकडे नेलं. 'हात लावू नकोस' तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने विमान त्याच्याकडे सरकवलं. काळपट पत्र्यावर त्याने हलकेच तीन ठोके दिले. थांबला. पुन्हा तीन. थांबला. पुन्हा तीन.

नऊ. तो आकडा तिने आजवर कुणालाही सांगितला नव्हता.

पत्र्यावर वंगणाचे काळे ठसे एकावर एक उमटले होते. तिने पिशवीतून फडकं काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि इवाओला हात पुसायला दिलं.