कळकाची ओंजळ

घरातला गॅस संपला हे सुधाकररावांना कधी कळायचं नाही, पण खानवेलच्या डोंगरातला कळकाचा बांबू कधी फुलणार याचा घोर त्यांना तरुणपणापासून. सिल्वासाला वनखात्यात त्यांचं काम जंगलाच्या पुढच्या पिढ्यांचे आराखडे करण्याचं. आजचं काम उद्यावर ढकलणारे सरकारात पुष्कळ. नातवंडांच्या काळातलं काम आजच अंगावर घेणारा हा एकटाच. "सगळं खरं, पण आज पोळ्या कशावर भाजू?" विद्याताई विचारायच्या.

त्र्याण्णव साली तर कहर झाला. बढतीवर दिल्लीला जायचा हुकूम आला आणि रावांनी चक्क नाही म्हणून कळवलं. का, तर कळकाला फुलोरा आलाय! आयुष्यात एकदा, फार तर दोनदा दिसणारी गोष्ट. एकदा फुलला की बेटंच्या बेटं वाळून मरतात. खाली पडलेलं बी रुजलं तरच तिथं पुन्हा जंगल. मुलीचं, मधुराचं कॉलेज, मोठं घर, सगळ्यावर पाणी पडलं. विद्याताईंनी अबोला धरला. शेवटी 'बघू तरी ही सवत कशी दिसते' म्हणत उन्हाळ्यात एका सकाळी त्या नवऱ्याबरोबर खानवेलच्या बसमध्ये चढल्या.

डोंगरात शिरल्या आणि जागीच थांबल्या. कळकावर एक हिरवं पान नव्हतं. गव्हाच्या रंगाचे झुबके शेंड्यापासून लोंबत होते आणि वारा नसतानाही बी गळत होतं, डोंगरभर, एकसारखं. एवढ्या बेटांनी एकाच साली फुलायचं कसं ठरवलं? आणि मरता मरता एवढं द्यायचं? विद्याताईंना चपला काढाव्याशा वाटल्या आणि त्यांनी त्या काढल्याही.

पण खाली पाड्यावरच्या बायका केरसुण्या घेऊन जमीन लख्ख झाडत होत्या. टोपल्या भातासारख्या बियांनी भरत होत्या. सुधाकरराव दगडावर डोकं धरून बसले. "असंच झाडलं तर रुजायला काही उरणार नाही," ते म्हणाले. "गार्ड म्हणतो, हाकलून देतो. खायला नेतायत, त्यांना कुठल्या तोंडानं हाकलू?"

विद्याताईंनी पदर खोचला आणि त्या सरळ बायकांत जाऊन झाडायला लागल्या. शेजारी पुतळाबाई होती, पाड्यातली सगळ्यांत म्हातारी. "मी पोर होती तवा असाच फुलला होता, बाय. भात नाय पिकला त्या साली. ह्याच्यावरच जगलो."

"पुतळाबाई, तुमच्यात भात घरात आला की पहिला मान कुणाचा?"

"कणसरी देवीचा. दुसरा कोणाचा?"

"मग ह्या भातातला तिचा वाटा कुठाय?"

पुतळाबाईची केरसुणी थांबली. तिनं वर शेंड्यांकडे पाहिलं, मग टोपलीकडे. आणि असा आवाज दिला की डोंगर दणाणला. दर टोपलीमागे एक ओंजळ मागं टाकायची, बेटाच्या बुंध्याशी केरसुणी लावायची नाही. तिनं स्वतःच्या नातीच्या, चार-पाच वर्षांच्या सोनीच्या ओंजळीत बी घातलं आणि तिच्या हातानं पहिल्यांदा टाकायला लावलं. सुधाकरराव दगडावरून उठले.

श्रावणात दोघं पुन्हा गेले; पाड्यावरून पुतळाबाई आणि सोनीही बरोबर आल्या. वाळल्या बेटांखाली, दिसेल तिथवर, भाताच्या रोपांएवढी कोवळी हिरवी पाती उभी होती. विद्याताई खाली बसल्या, पण हात लावायचा धीर होईना.

"आता परत कधी फुलेल हो?"

"आपण नसू तेव्हा."

"मग त्या बायकांना सांगायचं कुणी, ओंजळ मागं टाका म्हणून?"

"ही सांगंल की," पुतळाबाई म्हणाली.

सोनी हसली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, रिकामीच, आणि बुंध्याशी वाकून उघडली. विद्याताईंचे डोळे भरून आले.

घरचा गॅस सकाळीच संपला होता. रात्री शेगडीशी उभं राहीपर्यंत त्या ते साफ विसरल्या होत्या.